खिंडीतली अकरा मिनिटं

प्रिय अर्धे,

बाबांनी शेवटच्या रविवारी फोन स्वतःच्या हाताने का बंद केला असेल? हे तू मला आतापर्यंत तीनदा विचारलंस. एकदा ते गेले त्याच आठवड्यात, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. एकदा मी कामावर परत निघाले तेव्हा, बसच्या खिडकीखाली उभी राहून. आणि परवा फोनवर, आईच्या गुडघ्याचं बोलता बोलता मध्येच. तिन्ही वेळा मी म्हणाले, चार्जिंग वाचवत असतील. तूही तिन्ही वेळा "हो, तसंच असेल" म्हणालीस. पण चार्जर त्यांच्या उशाशी लावलेला होता हे तुला माहीत आहे, कारण तो तूच लावला होतास. मला उत्तर माहीत नाही. एक उत्तर सुचतं, आणि ते खोटं ठरावं म्हणून मी आठ महिने दुसरी उत्तरं शोधत बसले आहे.

पत्र बघून तू हसशील. जिचं पोट फोनवर चालतं ती पाकीट चिकटवतेय, असं आईला सांगशील. पण फोनवर हे सांगायला मी दोनदा सुरुवात केली होती. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू घाईने "जाऊ दे ना ताई" म्हणालीस, आणि मी जाऊ दिलं. कागदावर तुला मला मध्येच थांबवता येणार नाही. आत्ता दुपारची सुट्टी आहे. सगळे खाली जेवायला गेलेत. माझ्या टेबलावर चाचणीचे चार फोन ओळीने पालथे पडलेत आणि समोरच्या भिंतीवर आमचा नकाशा आहे. जिथे रेंज मिळते तिथे हिरवं टिंब, अधूनमधून मिळते तिथे पिवळं, मिळतच नाही तिथे करडं. त्या नकाशाकडे पाठ करून बसता येईल अशी जागा या खोलीत नाही. मी शोधून पाहिली.

बाबांच्या घंटीचं तुला सांगायला नको, तरी मला ते लिहू दे. एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, घरातही घंटीनेच बोलायचा. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे सगळं ठीक, चल पुढे. सलग तीन म्हणजे असशील तिथे गाडी थांबव, काहीतरी झालंय. मी कॉलेजला शहरात राहायला गेले तेव्हा त्यांनी तीच पद्धत मिस्ड कॉलला लावली, एक घंटी म्हणजे एक मिस्ड कॉल. रोज संध्याकाळी सहाला दोन रिंगा वाजायच्या आणि वसतिगृहाच्या जिन्यावर मी मनातल्या मनात गाडी पुढे घ्यायचे. मैत्रिणी चिडवायच्या, "तुझे बाबा फोन उचलू देत नाहीत, मग करतात कशाला?" खोटी घंटी बाबा कधी द्यायचे नाहीत. ती म्हातारी आठवते ना, जिच्यापायी गाडी बाजारात अडवून धरली होती? ड्रायव्हर आरशातून ओरडत होता, "मास्तर, झोपलात का? द्या की डबल!" आणि बाबा थंडपणे म्हणाले होते, "आजींचा एक पाय अजून खाली आहे. एका पायाचं तिकीट मी फाडत नाही."

कॉलेजच्या तीन वर्षांत तीन घंट्या एकदाच आल्या. तुझं अपेंडिक्स फुटलं त्या दिवशी. मी प्रॅक्टिकलच्या टेबलावरून उठले, बाईंना काय सांगितलं तेही आठवत नाही, आणि रात्र पडायच्या आत दवाखान्यात पोचले. तू भूल उतरत असताना बडबडत होतीस, की ताईला पूर्ण तिकीट आणि मला अर्धं का, आणि बाबा डोळे पुसत हसत होते. नंतर त्यांनी डेपोत सगळ्यांना सांगितलं, "माझी मोठी घंटीला थांबते." किती वेळा सांगितलं असेल! निवृत्तीच्या दिवशी मला चहावाल्यानेसुद्धा विचारलं, "घंटीला थांबणारी ती तुम्हीच का?"

मग माझी पदवी. आपल्या घरातली पहिली. बाबांनी तो कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "याला पंच कुठे मारायचा?" आई रडली, तू मला चिमटा काढलास. आणि मला खरंच वाटलं की आता माझ्या हातून काहीतरी मोठं व्हायचं आहे. गावोगावची रेंज मोजून नकाशा करायची ही नोकरी लागली तेव्हा तर मी आठवडाभर तुझं डोकं खाल्लं होतं. जगात कुठलाही माणूस हाकेच्या बाहेर राहता कामा नये, असं काहीसं बोलायचे मी. तू म्हणायचीस, "ताई, आधी आपल्या मागच्या खोलीत रेंज आण." मी चिडायचे. मला थट्टा कळायची नाही, कारण मी ते मनापासून बोलत होते. अजूनही त्यातलं एक अक्षर मला खोटं वाटत नाही, हेच तर मला पेलत नाही.

त्या दौऱ्याचं मी तुला अर्धवटच सांगितलं आहे. आज पूर्ण सांगते. रविवारी सकाळी आम्ही दरीत उतरलो, मी आणि जीपचा ड्रायव्हर. त्याला सगळे मुका म्हणतात, कारण तो हॉर्न वाजवत नाही. तोंड मात्र सतत चालू. गाडीच्या पुढच्या काचेशी चार फोन बांधायचे, दर शंभर मीटरला आपोआप नोंद होते, आणि मी वहीत हाताने लिहायचं की इथे घरं किती, शाळा आहे का, वाट कशी आहे. सहा दिवस नुसतं करडं. तेवीस वस्त्या. एका घरात बाळंतीण गेली होती दोन महिन्यांपूर्वी. तिची सासू मला गाडीपर्यंत सोडायला आली आणि त्या चार फोनांकडे बोट दाखवून म्हणाली, "यात आमचं घर दिसतं का गं?" मी म्हटलं, दिसतं, करडं दिसतं. ती म्हणाली, "मग रंग देऊन टाक की बाई, तुझ्याच हातात आहे तर." मी तिला शब्द दिला. नव्या टॉवरच्या जागांची यादी शनिवारी दुपारी बंद होणार होती. त्याआधी माझ्या नोंदी कार्यालयात पोचल्या तरच त्या दरीचा टॉवरसाठी विचार होणार होता, नाहीतर पुढच्या वर्षी.

आणि त्या लोकांची एक रीत ऐक. सगळ्या वस्तीचे फोन दर आठवड्याला एका पिशवीत गोळा करतात. वर खिंडीत एक सपाट काळा दगड आहे, तिथे रेंज येते. जो कोणी वर जात असेल तो पिशवी नेतो, दगडावर फोन मांडतो, मेसेज येऊ देतो, जाऊ देतो, आणि परत आणून ज्याचा त्याला देतो. तो स्वतः पलीकडे जाणार असेल तर खाली उतरणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो. वस्तीतली मुलं त्या पिशवीची वाट बघतात. त्या शनिवारी पिशवी आमच्या गाडीत होती, सतरा फोन. मुक्याने ते दगडावर मांडले आणि एकेक करून सगळे किणकिणायला लागले.

हो, अर्धे. खिंडीत रेंज होती.

तुम्हाला मी काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतं. बाबा सोमवारी गेले. मी बुधवारी रेंजमध्ये आले आणि गुरुवारी संध्याकाळी घरी पोचले. ओट्यावर चपलाच चपला होत्या. काका सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आम्हा अडाण्यांचे फोन लागतात, शिकलेल्या पोरीचा लागत नाही. आणि कामाला कुठे, तर म्हणे फोनच्या खात्यात!" तू आतून ताडकन बाहेर आलीस. "काका, तिथे रेंज नसते. तुमच्या गच्चीवर उड्या मारून येते ना, तेवढीसुद्धा नसते." मग तू माझ्याकडे वळलीस आणि हळूच विचारलंस, "पण शनिवारी खिंडीत येते म्हणाली होतीस?" सगळे बघत होते. आई बघत होती. मी म्हटलं, "या वेळी नाही आली." एवढंच. तीन-चार शब्द. तू मान हलवलीस आणि माझा हात धरलास, आणि काकांनी विषय बदलला. त्या दिवसापासून माझ्यावर कुणी काही बोललं की तू ते शब्द ढालीसारखे पुढे धरतेस. प्रत्येक वेळी मी ऐकते.

आणि महिन्याभराने तू ते सुरू केलंस. बाबांचा जुना फोन चार्ज करून, रोज सहाला त्यांच्याच नंबरवरून दोन रिंगा. पहिल्या दिवशी "बाबा" असं नाव पडद्यावर आलं तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले होते. तू नंतर म्हणालीस, "मी आहे गं. म्हटलं, तुला कुणीतरी चल पुढे म्हणायला हवं." सात महिन्यांत एक दिवस चुकवला नाहीस. रोज सहाला मला पुढे जायची परवानगी मिळते, अर्धे, आणि रोज सहाला मला कळतं की माझा एक पाय खाली आहे आणि ते घंटी वाजवणाऱ्याला दिसत नाही.

आता त्या अकरा मिनिटांचं. मुका नेहमी घड्याळ बघून थांबतो, म्हणून आकडा पक्का आहे. धुकं चढत होतं, पलीकडे उतरायची वाट अरुंद, तो म्हणाला, दहा मिनिटं देतो, जास्त नाही. मी नोंदी पाठवायला लावल्या. तिसऱ्या मिनिटाला कार्यालयातून कुणाचा तरी फोन आला आणि पाठवणं तुटलं. तिथली रेंज एवढी बारीक की एका वेळी एकच काम होतं, बोलणं किंवा पाठवणं. परत पहिल्यापासून लावलं. तेवढ्यात फोन कंपनीचा मेसेज आला, रेंज नसताना येऊन गेलेल्या कॉलचा. बाबांच्या नंबरवरून बारा कॉल, शेवटचा शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. बारा. मी हिशोब केला. मी गेल्यापासून सहा संध्याकाळी झाल्या, रोजच्या दोन, सहा दुणे बारा. सगळं ठीक, चल पुढे. मुका म्हणाला, "ताई, घरी एक टाका की. दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, "घरचं ठीक आहे, घंट्या आल्यात." तो हसला, "बघा हं, घंट्या काय, देवळातही वाजतात."

बाराला तीननेही भाग जातो. पदवीधर बाईला हे कळत नाही असं नाही. चार वेळा, तीन-तीन. तू मला नंतर सांगितलंस की बाबा आठवडाभर दम लागून पडून होते आणि म्हणूनच सहाची घंटी देत नव्हते. ठीक नसताना डबल द्यायची नाही, हा त्यांचा नियम. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, मोठ्या मुलीला बोलावून घ्या, तेव्हा त्यांनी तुला फोनला हातही लावू दिला नाही. स्वतः मारल्या घंट्या. तू मेसेज करते म्हणालीस तर म्हणाले, "नको, घाबरेल. तिला घंटी कळते." आणि शनिवारी दिवसभर फोन छातीवर ठेवून पडले होते. तू परत लावू का विचारलंस तर म्हणाले, "आपली घंटी देऊन झाली. आता ड्रायव्हरने बघायचं." हे सगळं तू मला रडत रडत सांगितलंस, मला धीर यावा म्हणून, की बघ, शेवटपर्यंत त्यांचा तुझ्यावर किती विश्वास होता.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, चूक झाली ताई, हिशोब चुकला, कुणाचाही चुकला असता. म्हणून पुढचं लिहायलाच हवं. हिशोब चुकला नव्हता. मेसेजमधली वेळ मी वाचली होती. दोन वाजून दहा. बाबांनी दुपारी दोनला मला आयुष्यात कधी घंटी दिलेली नाही. सहा म्हणजे सहा. पाठवणं पूर्ण झालं तेव्हा दहा मिनिटं होऊन गेली होती. मुका फोन पिशवीत भरत होता, गाडी अजून सुरू व्हायची होती. एक मिनिट होतं माझ्याकडे, पूर्ण एक मिनिट, आणि फोन हातात. मी लावला नाही. लावला आणि काही झालेलं निघालं, तर परत फिरावं लागेल, पलीकडच्या चार दिवसांच्या वस्त्या राहतील, मी त्या सासूला शब्द दिलाय, असं मी स्वतःशी म्हटलं, तो शब्द नोंदी गेल्या तेव्हाच पाळून झाला होता तरी. म्हणजे मला माहीत होतं. उत्तर कळू नये म्हणून मी फोन केला नाही. मग मी गाडीत बसले आणि मुक्याला म्हटलं, चला. त्या वेळी निघाले असते तर रविवारी दुपारी घरी असते. बाबांनी फोन रविवारी संध्याकाळी बंद केला.

टॉवर मंजूर झाला, हे तुला मी आनंदाने सांगितलं होतं. तुला वाटलं असेल, ताई सावरतेय.

मग इथे येऊन मी आणखी एक केलं. आमच्या कार्यालयाने डोंगरात फिरणाऱ्यांसाठी एक नकाशा काढला. कुठे फोन लागेल, अडचणीत कुठून हाक मारता येईल, ते दाखवणारा. त्या भागाचं काम माझ्याकडेच होतं. खिंडीवर एकच हिरवं टिंब होतं, सगळ्या करड्यात. त्यावर बोट ठेवलं की तारीख उघडायची, वेळ उघडायची आणि खाली माझा कर्मचारी क्रमांक. रोज ते माझ्यासमोर. एका संध्याकाळी, सहाच्या तुझ्या घंट्या वाजून गेल्यावर, मी ते पुसलं. कारण विचारणाऱ्या रकान्यात लिहिलं, यंत्रातली चूक. कुणी विचारलं नाही. माझ्या कामावर इथे सगळ्यांचा विश्वास आहे. मला वाटलं, आता नकाशाही तेच म्हणतो जे मी ओट्यावर म्हणाले होते. झोप लागली त्या रात्री, खरं सांगते.

गेल्या गुरुवारी मुक्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. बाहेरगावची एक गाडी खिंडीपाशी घसरली होती. चालवणारा तरुण माणूस, कंबरेचं हाड मोडलेलं. सोबत त्याची बायको. तिच्या हातात आमचा नकाशा. टॉवर अजून उभा नाही, आणि नकाशात तिथे सगळं करडं, थेट खालच्या गावापर्यंत. म्हणून ती नवऱ्याला तिथेच ठेवून चालत सुटली, सात तास. काळ्या दगडावरून गेली ती, अर्धे. दगडाला वळसा घालून. फोन तिच्या खिशात होता, पण बंद, कारण पुढे लागेल म्हणून ती चार्जिंग वाचवत होती. माणसं वर पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तो जगला आहे. चालता येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. मुका म्हणाला, "ताई, आपला दगड त्या नकाशात कसा नाही? तुम्हीच थांबवली होती ना गाडी? अकरा मिनिटं, मी घड्याळ बघत होतो." मी नकाशा उघडून त्या करड्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "ऐकू येतंय ना? रेंज आहे ना तुमच्याकडे?"

मी बाबांच्या बाबतीत काही दुरुस्त करू शकत नाही. तू मला माफ करावंस म्हणूनही हे लिहीत नाही, आणि आईला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. मला फक्त एवढंच वाटतं, की तू ज्या प्रश्नाचं उत्तर मला विचारतेस त्यातला हा तुकडा मी तुझ्यापासून लपवून ठेवला होता, आणि त्याच्याशिवाय तुला कधीच उत्तर जुळवता आलं नसतं. आता कदाचित येईल. मला त्याचीच भीती वाटते. काकांसमोर तू पुन्हा माझी बाजू घेऊ नकोस. आणि सहाच्या त्या दोन घंट्या. बाबा असते तर माझा पाय वर येईपर्यंत त्यांनी त्या दिल्या नसत्या. तू त्यांची मुलगी आहेस, तुला कळेल.

हे पत्र तुला मिळेल तोवर इथे सगळ्यांना कळलेलं असेल, म्हणून दुसऱ्या कुणाकडून ऐकायच्या आधी माझ्याकडून ऐक. आज सकाळी दहा वाजता मी ते टिंब परत लावलं. हिरवं, काळ्या दगडावर, त्याच शनिवारच्या तारखेने आणि त्याच वेळेने. खाली माझा क्रमांक आहे, आणि ते मधल्या काळात कुणी आणि का पुसलं होतं तेही लिहिलं आहे. त्या माणसाच्या बायकोला लिहिलेलं पत्र आणि माझा राजीनामा, दोन्ही मी आमच्या कार्यालयाच्या प्रमुख मॅडमच्या हातात देऊन आले.

तुझीच,
पण तुला वाटत होती ती नव्हे,
ताई